शिट्टीकाकांचा कोट

या मायबाप, असे जवळ सरकून बसा. एका कोटाची गोष्ट सांगायची आहे. लांबण लावणार नाही, ती दारातच सुरू होते.

दार कपड्यांच्या चार मजली दुकानाचं. दोन्ही बाजूंना कमरेइतके पांढरे खांब. बिल न झालेला कपडा मधून गेला की ओरडायचे. शिट्टीकाका आत आले आणि खांब ओरडले.

"आली आमची गाडी," दारावरचा रखवालदार म्हणाला. "काका, एखाद दिवस वाजला नाहीत तर मलाच चुकल्यासारखं होईल."

शिट्टीकाका हे नाव त्यानेच ठेवलेलं. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पिशवी उघडून दाखवली. डबा, पाण्याची बाटली, घराची किल्ली. तीन महिन्यांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. एक बाई पर्स छातीशी धरून बाजूला झाली, तेही त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघावं तसं बघितलं.

छत्तीस वर्षं टपालात लोकांची पार्सलं हाताळलेला माणूस. तिथली सुतळीसुद्धा कधी घरी नेली नव्हती.

लेक तिसऱ्या मजल्यावर, लहान मुलांच्या कपड्यांत कामाला होती. डबा तिच्यासाठी. आई अंथरुणाला खिळेपर्यंत ती भरून द्यायची, आता बाप आणून द्यायचा.

आज जिन्यापाशी दुकानाचा मॅनेजर उभा होता. तरुण, बोलायला नीट.

"काका, राग मानू नका. तुमच्या मुलीला कायम करायचं की नाही, ते सोमवारी ठरतंय. आणि तिचे वडील रोज दारात वाजतात. वरच्यांना मी काय सांगू? खांब बिघडलेत म्हणावं, तर बाकी कुणाला वाजत नाहीत."

"मग तपासा मला," काका म्हणाले. "एकदाचं होऊन जाऊ दे. माझ्यापायी तिच्या नोकरीला खोट नको."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मला म्हणायचंय."

खांबांमधून एकेक वस्तू नेली. पिशवी गेली, गप्प. पट्टा गेला, बूट गेले, गप्प. नुसत्या मोज्यांवर काका स्वतः गेले, गप्प.

"माणूस चोख आहे," रखवालदार म्हणाला. मग त्याने काकांनी खुर्चीवर काढून ठेवलेला राखाडी कोट मधून नेला आणि खांब ओरडले.

मॅनेजरने काकांना आपल्या खोलीत नेलं, कोट घेऊन रखवालदार मागोमाग. हातातलं यंत्र कोटाच्या अस्तरावरून फिरवलं. धुण्याच्या सूचना लिहिलेल्या पट्टीखाली नखाएवढं काहीतरी शिवलेलं होतं. यंत्राने त्याचा नंबर वाचला. समोरच्या पडद्याकडे बघता बघता मॅनेजरचा चेहरा उतरला.

"यांच्या मुलीला खाली बोलाव," तो रखवालदाराला म्हणाला. रखवालदार गेल्यावर मॅनेजर आवाज खाली आणून म्हणाला, "काका, हा कोट आमच्याच दुकानातला आहे. विकल्याची नोंद नाही. माल मोजला तेव्हा सापडलाही नव्हता. कुठून आला तुमच्याकडे?"

लेकीने पहिल्या पगारात आणला होता. "बाबा, घाला बघू हात," म्हणाली होती, आणि आईने अंथरुणातूनच कॉलर नीट करायची खूण केली होती. त्या महिन्यात औषधांनी घर धुऊन नेलं होतं. तरी कोट आला. कसा, ते काकांनी तेव्हा विचारलं नव्हतं. आता त्यांनी ते स्वतःलाच विचारलं. उत्तर यायला फार वेळ लागला नाही.

"मी उचलला," ते म्हणाले.

मॅनेजरने मान वर केली. "तुम्ही?"

"गर्दी होती. अंगात घातला आणि निघून गेलो. पोरीला यातलं काही ठाऊक नाही. तिला सांगितलं, बाहेरून घेतला."

"आणि आत्ता तुम्हीच तर म्हणालात, तपासा मला."

"कधीतरी सापडायचंच होतं. किती दिवस वाजत राहायचं?"

मॅनेजरने टेबलाचा खण उघडला. मग त्याने कागद पुढे केला. "लिहून द्यावं लागेल."

"आणा."

पाकिटावर पत्ता घालावा तशा स्वच्छ अक्षरात काकांनी लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच छातीत काहीतरी हललं. आपण अजून कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत, असं वाटलं.

"म्हणजे मुलीचा यात काही संबंध नाही," मॅनेजर म्हणाला. त्यालाही हायसं वाटलेलं दिसलं.

"काडीचा नाही."

तेवढ्यात लेक आत आली. धापा टाकत होती. कोटाची भानगड रखवालदाराने जिन्यातच तिच्या कानावर घातली होती.

"साहेब, हे बिल," ती म्हणाली. "बाबांच्या कोटाचं. पहिल्या पगाराचं म्हणून पाकिटात जपून ठेवलंय. अर्धे पैसे आईने साठवलेले होते, बाबांना सांगू नको म्हणाली होती. याची किमतीची चिठ्ठी फाटली होती, म्हणून काउंटरवरच्या ताईंनी शेजारच्या तसल्याच कोटाच्या चिठ्ठीवर बिल केलं. घाईत सगळ्याच करतात तसं. म्हणून त्या कोटाची विक्री लागली, याची नाही. आणि मी गेले आपल्या कामगारांच्या दाराने, तिथे खांब नाहीत."

मॅनेजरने बिलावरचा नंबर पाहिला. पडद्यावर तपासला. मग टेबलावरचा कागद हळूच फाइलीखाली सरकवू लागला. पण तिने ते अक्षर ओळखलं होतं.

तिने कागद ओढून घेतला. वाचला. पुन्हा एकदा वाचला.

"तीन मजले चढून मला विचारायचं होतं, बाबा," ती म्हणाली.

मायबाप, लेकीसाठी चोरी अंगावर घेणारा बाप तुमच्या आपोआप लक्षात राहील. तेवढी ती लेक लक्षात असू द्या.