डोक्यावरचा लाल ठिपका

बांधाचा दगड गेल्या उन्हाळ्यात मीच सरकवला व्हता, चांगला दोन हात. हे आधीच कबूल करते, म्हंजी पुढचं तुमाला खोटं वाटायचं न्हाई.

शेजारच्या भीमाशंकरनं मोजणी मागवली. भर दुपारी मल्लेश सर्वेअर खांबावरचं यंत्र घिऊन आमच्या पेडगावच्या वावरात हुबा ऱ्हायला. "आज्जी, मोबाइलला रस्ता दावणारे उपग्रह बांध बी दावतेत," म्हनला.

यंत्राच्या पडद्यावर उपग्रहांचे हिरवे ठिपके हळूहळू सरकायले व्हते. एकच लाल व्हता, मी हुबी व्हते तिथं बरोबर माझ्या डोक्यावर, जागचा हलत नव्हता.

"ह्याला काय झालंय रं?"

"आजारी हाय. लय वर्षांमागं बंद केलाय. त्याची साक्ष धरत न्हाईत."

"मंग त्याचीच धर की! माझ्यासारखाच म्हातारा हाय."

मल्लेश हसला. मंग हसायचा थांबला. "आज्जी, जरा हिरीकडं सरका बरं."

मी सरकले. ठिपका बी सरकला.

"दगड कुणी हलवला ते दिसलंय त्याला," भीमाशंकर दात काढून म्हनला. "भोग आता, म्हातारे!"

"किती लांब हाय रं त्यो?" मी मल्लेशला इचारलं.

"मगाशी वीस हजार किलोमीटर व्हता." मल्लेशनं अंगठ्यानं पडदा पुसला. "आता साठ फूट."

आभाळ निरं कोरं व्हतं. पाखरू सुदिक नव्हतं.

"अन् आता?"

मल्लेशनं माझ्या डोक्यावर बघितलं, अन् खांब तिथंच टाकून मागं सरकला.

भीमाशंकर, माझा जन्माचा वैरी, हात जोडून म्हनला, "काकू, वर बघू नका."