कुंकवाचं बोट

अवधूतला कॉम्प्युटरसाठी साधा प्रोसेसर नको होता. त्याच नावाचा, पण कमी तापणाऱ्या नव्या आवृत्तीचा हवा होता. पहिल्या ऑनलाइन दुकानानं नेमका जुन्या आवृत्तीचा पाठवला. ते त्याच्या लक्षात येण्याआधीच आईनं, घरात नवी वस्तू आली म्हणून, त्याच्या चकचकीत पत्र्यावर कुंकवाचं बोट टेकवलं होतं.

आई केळापूरला बहिणीकडे गेली, तेव्हा त्यानं ते कुंकू पुसलं. पुसताना त्याला चोरासारखं झालं. ‘हातसुद्धा लावलेला नाही’ असं दुकानाला कळवून त्यानं प्रोसेसर परत पाठवला. त्यांच्या महागावात घराघरांत कापूस पडून होता, कोणी घ्यायला तयार नव्हतं. अशा वर्षात आपले हे चोचले! त्याची त्यालाच लाज वाटली.

आज दुसऱ्या दुकानातून मागवलेला आला. डब्याचं सील शाबूत होतं, आवृत्तीही हवी तीच. त्यानं सील फोडलं.

पत्र्यावर कुंकवाचं बोट होतं, आणि ते अजून ओलं होतं.

त्यानं घाईघाईनं रुमाल फिरवला. तेवढ्यात केळापूरहून आईचा फोन आला.

“अवधूत, माह्या बोटाले आत्ताच कुंकू लागलं रे. किती धुऊन राह्यली, तं जाऊनच नाही राह्यलं. तू काही पुसलं काय?”