अकरा एकडे

कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा आकडा एकोणीस हजारांच्या पुढे सरकला तशी गोपिकाबाईंनी छताच्या बल्बकडे पाहिलं. लाईट जावी म्हणून त्या मनातल्या मनात देवाचा धावा करत होत्या. परतुरात एरवी दिवसातून दहादा जाणारी लाईट आज मात्र हटून बसली होती.

"पाचच मिनिटं, गुरुजी," शिवकन्या म्हणाली. आबाराव गुरुजींची ती जुनी विद्यार्थिनी. कॉम्प्युटरचा क्लास तिचाच. निवृत्तीनंतर कोणी भजनाला लागतं, कोणी पारावर बसतं. गुरुजींनी अकरा एकडे ओळीनं मांडले आणि या संख्येला कशानं भाग जातो का, ते शोधायला बसले. एकेका आकड्यानं भागत पंधरा वर्षं गेली. त्या बत्तीस वह्या आता पिशवीत होत्या आणि पिशवी त्यांच्या बायकोच्या, गोपिकाबाईंच्या मांडीवर. तेच भागाकार आता मशीन करत होतं, आणि गुरुजींना दिसावं म्हणून शिवकन्येनं त्याला एकेक आकडा पडद्यावर दाखवायला लावलं होतं.

वीस हजार.

"कशाला त्या मशीनला इचारायचं? घरी चालू हाय की आपलं बराबर," बाई म्हणाल्या.

"डोळे मिटायच्या आत कळू दे की," गुरुजी पडद्यावरून नजर न काढता म्हणाले.

एकवीस हजार. बाईंनी पिशवीचे बंद मुठीत आवळले. एकवीस हजार सहाशे. पळणारे आकडे एकाएकी थांबले.

२१६४९. भाग जातो.

शिवकन्येनं टाळी वाजवली. गुरुजी मात्र पडद्याजवळ वाकले.

"ह्यानं तर आपुन भागल्तं," ते म्हणाले. डाव्या हातानं त्यांनी पिशवीतल्या वह्या उपसल्या, अठरावी उघडली. पान सापडलं. अक्षर बाईंचं होतं. सहा वर्षांमागं अर्धांगवायूनं गुरुजींचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून ते खाटेवरून आकडा सांगत आणि बाई भागाकार करत. पानाच्या तळाशी लिहिलं होतं : बाकी सात.

गुरुजींनी ते दोनदा वाचलं.

"तू भागाकारात कधी चुकत न्हाईस," ते हळू आवाजात म्हणाले.

बाईंना रडू आवरेना. "शून्यच आल्तं. पण तुम्ही तवा सारखं म्हणून राह्यल्ते, येवढं एक कळलं की डोळे मिटायला मोकळा. मंग म्या सात लिहिलं."

शिवकन्येला कुठं बघावं कळेना. अठराव्या वहीनंतरच्या चौदा वह्या टेबलावर पडल्या होत्या. एकेक पान बाईंच्या हातचं, आणि एकाही पानाची आता गरज नव्हती. गुरुजींनी त्या एकावर एक नीट रचल्या. आता हे काय बोलतील, या धास्तीनं बाईंनी मान खाली घातली.

"शिवकन्या, मशीन बंद कर," गुरुजी म्हणाले. मग बाईंकडे वळले. "कोरी वही हाय का?"

"हाय."

"सतरा एकडे लिही."

बाईंनी पदरानं डोळे पुसले, पेन काढलं, आणि एकाशेजारी एक एकडे मांडायला घेतले. गुरुजी वाकून मोजत होते.

"लई मोठा आकडा हाय हा," सतरावा एकडा पुरा झाल्यावर ते म्हणाले. "आपल्या दोघांच्या हयातीत काई शून्य यायचं न्हाई. तुला खोटं लिहायची पाळीच न्हाई."