पिवळ्या गोळ्या

“गिळली?”

अनुसयानं मान डोलावली. घोट उतरल्याचा आवाज मैनाबाईनं ऐकला आणि तिचा जीव भांड्यात पडला. ‘आ करून दाखव’ म्हणायची तिची छाती होत नसे. आठ वर्षांच्या पोरीच्या ओठांचे कोपरे चिरलेले; तोंड उघडलं की रक्त यायचं.

मूत्रपिंडाचं दुखणं. वर्ष झालं, जेवणात मीठ बंद, वरणसुद्धा मोजून. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, “या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी रोग जाणार नाही. पण पथ्यानं अंगातलं जे झिजतं, ते भरून निघेल. तोंड बरं झालं तर पोरगी जेवेल. नाही जेवली, तर भरती करावं लागेल.”

भरती! त्या वॉर्डात पोरांजवळ त्यांच्या आईला थांबू देत नसत. नुसत्या विचारानंच मैनाबाईला धडकी भरायची.

पोरीला एकटीला अळणी कसं वाढायचं? म्हणून तीही तिच्याच ताटात अळणी जेवायची. नवरा ताराचंद हातमागावर बसल्या बसल्या ओरडायचा, “तू काहून जिभेले शिक्षा देऊन राहिली वं?” पण ती ऐकते कुठली! पोरीसारखीच तिचीही जीभ जळजळायची, ओठ फाटायचे.

आणि पोरीची माया तरी बघा. रोज शेवटचा वरणभाताचा घास स्वतः कालवायची आणि आईला भरवायची. “हा तुह्या, माय.” मैनाबाईचे डोळे भरून यायचे.

गंमत म्हणजे वर्षानं का होईना, अळणी जेवण तिलाच मानवलं. गेल्या महिन्याभरात तिची जीभ निवली, ओठ भरून आले. लघवी तेवढी पिवळीधमक व्हायची. चौपन्न सालचा उन्हाळा, त्यात नागपूर. दुसरं काय होणार!

महिना सरला. डॉक्टरांनी अनुसयाचं तोंड पाहिलं आणि त्यांचा पारा चढला. चिरा होत्या तशाच होत्या.

“गोळ्या देता की नाही?”

“देवाशपथ, साहेब! रोज माह्या हातानं देतो.” मैनाबाई रडकुंडीला आली.

डॉक्टर तिच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले. “मागच्या वेळी तुमचेही ओठ फाटले होते ना?”

“होते. भरले आपोआप.”

डॉक्टर पोरीसमोर वाकले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “अनुसया, गोळी जाते कुठं?”

पोरीनं आईचा हात घट्ट धरला.

“गालात ठेवतो,” ती म्हणाली, “अन् मायच्या घासात कालवतो. ते आजारी पडली, तं मले कोण पाहीन?”