तीन एकरांचा हरभरा

वैजयंताबाईंनी पदराची गाठ सोडून मूठभर हरभरा टेबलावर ठेवला. वाशीच्या दाणाबाजारात तीस वर्षं काढलेल्या तबरेजशेठना वाटलं, नमुना आणलाय म्हणजे बाई माल विकायला आल्यात.

"किती रान, मावशी?"

"तीन एकर."

शेठना वाईट वाटलं. त्यांनी मागच्या पोत्यातली मूठ काढून बाईंच्या दाण्यांशेजारी ओतली. "हा ऐंशी एकरवाल्या बिराजदारांचा माल. पेरणी मशीनने, काढणी मशीनने, ट्रक भरून थेट इथे. त्यांना क्विंटलला जो खर्च येतो, त्यात तुमची नुसती मजुरीपण नाय भागणार. मग त्यांच्या भावात तुमाला कसं परवडणार?"

बाईंनी दोन्ही ढिगांतला एकेक दाणा उचलून शेठच्या तळहातावर ठेवला. शेठनी चष्मा लावला, दाणे उलटेपालटे केले. रंग तोच, चोच तीच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दोन शेतांचा माल वेगळा सांगता येईना.

"तुमीपण हेच बियाणं घेता?"

"घेत न्हाई, देते. सहा वर्षं झाली, निवडून पाखडून माझा सगळा हरभरा बिराजदारांच्या पेरणीला जातो. बाजाराच्या दुप्पट भावानं, तोबी घरी येऊन नेतात."

शेठनी दाणे जपून खाली ठेवले. "मग आज इथे कशाला आलात?"

बाईंनी बिराजदारांच्या पोत्यावरून हात फिरवला.

"नेरूळला लेकीकडं आले होते. तिचा संसार बघितला. म्हटलं, आता ह्या माझ्या दाण्यांचाबी बघून जावा."