अठरा पाती आणि एक हुप्प्या

“सांगतो साहेब, पण विश्वास कुनाचा बसायचा नाय,” मुराद म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून ऐसपैस बसला. “माझ्या बायकोचापण बसला नसता, आनि तिने तर माझ्याशी निकाह लावलाय.”

टेबलावर अठरा पाती मांडली होती. टर्बाइनची, निकेलच्या मिश्रधातूची, वीतभर लांब. सकाळी ती आरशासारखी लखलखत होती. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी पॅकिंगच्या खोलीत शिरलं आणि एकेकाची कड हातोड्याने ठेचून गेलं. माल न्यायला आलेली गाडी फाटकात उभी होती. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या ओतशाळेचे मॅनेजर रघुवीरसाहेब सगळ्यांना केबिनमध्ये उभं करून दोनदा बजावून चुकले होते, की नाव कळलं की नोकरी गेली, वर पोलीस वेगळे.

खोलीची किल्ली मुरादकडे. म्हणून पहिला जबाब त्याचा.

“पुन्याहून साच्यांसाठी मेन आननारी आपली गाडी आली, भोरवरून. वरंधच्या घाटात ड्रायव्हर चहाला उतरला. तेवढ्यात ताडपत्रीवर एक हुप्प्या चढून बसला. हा एवढा वानर! शेपूट खाली रस्त्याला घासत व्हती, ठिणग्या उडत व्हत्या.”

“आणि फाटकात कुणी अडवला नाय?” स्टोअरच्या धोंडूने विचारलं.

“अडवतंय कोन? कंत्राटी कामगार समजले.”

“मग हेल्मेट पण असंल डोक्यात.”

“तुझंच व्हतं रे धोंडू. म्हनून तर कुनाला फरक कळला नाय.”

केबिन फिसकन हसली. प्रयोगशाळेतली चैत्राली तेवढी हसली नाही. ती दाराशी उभी होती, आणि मुराद इतक्या माणसांकडे बघून बोलला, पण दाराकडे त्याने एकदाही नजर टाकली नाही.

पोलादपूरच्या या मुलीने आठ दिवसांपूर्वीच धातू तपासून कागदावर लिहून दिलं होतं, ‘ओतू नये.’ स्वस्तात आणलेल्या भंगार निकेलमधून शिसं आलं होतं. दहा लाख भागांत पाच भाग चालतं. तिला सापडलं चाळीस. साहेबांनी तरीही ओतायला लावलं. पात्यांसोबत जायच्या दाखल्यावर चाळीसचे चार झाले. ती तीनदा केबिनमध्ये जाऊन भांडली. तिसऱ्यांदा साहेबांचा आवाज भट्टीपर्यंत ऐकू आला होता, “तू मोजायचं. ठरवायचं मी.”

शिसं मोठं दगाबाज. पातं थंड असेपर्यंत नवऱ्या मुलासारखं गुणी दिसतं. हजार अंशांच्या धगीत गरगरायला लागलं की आतून सैल पडतं, आणि सुटलं तर बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. आखातातल्या एका वीजकेंद्रात मुरादने एक पातं सुटलेलं पाहिलं होतं. शेजारी कोण उभं होतं तेही पाहिलं होतं. दुनियेतल्या सगळ्या गोष्टींवर त्याने थापा रचल्या, त्या दिवसावर कधी रचली नाही.

“पुढे बोला, मुरादभाई,” साहेब म्हणाले. आश्चर्य म्हणजे ते चिडले नव्हते.

“पुढं काय! घाटात मोटारसायकलींचे आरसे कोन फोडतं? हेच. आरशात दुसरा हुप्प्या दिसला की ह्याचं टाळकं सटकतं. इथं तर अठरा पाती, अठरा आरसे. एका दमात अठरा दुश्मन! घेतला हातोडा आनि एकेकाला बडवला. मी दार उघडलं तर माझ्याकडे बघून सलाम केलान, आनि खिडकीतून गेला. नाते गावाच्या बाजूला गेला असंल.”

आता साहेब ओरडतील, आपल्याला हाकलतील. मुराद वाट बघत होता. साठी उलटली होती, नोकरीची तशीही दोनच वर्षं उरली होती. हाकलला गेला तर चौकशी इथेच संपणार होती.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

“वानराचा उपद्रव,” ते लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले. “घाटातले वानर आरसे फोडतात हे खरंच आहे. गिऱ्हाईकालाही पटेल. उगाच चौकशी नको, पुन्हा तपासण्या नकोत.” कागद त्यांनी मुरादपुढे सरकवला. “इथे सही करा. आणि भट्टी लावा. त्याच लॉटचा धातू शिल्लक आहे. सोमवारी अठरा पाती तयार पाहिजेत.”

मुरादने कागद जवळ ओढून वाचला. चाळीस वर्षं तो महाडपासून मस्कतपर्यंत थापा मारत आला होता. आज पहिल्यांदा कुणीतरी त्याची थाप खरी धरली होती, आणि तिच्यावर शिक्का मारून तेच विष पुन्हा मुशीत ओतायला निघालं होतं. सही केली तर शिशाची पाती गिऱ्हाईकाकडे जातात. नाही केली तर साहेब विचारणार, मग कोण?

त्याने पेन उचललं, आणि सहीच्या जागेवरून मागे घेतलं.

“जमायचं नाय साहेब,” तो पुटपुटला. “माझी सही... वानर तसा नेमका...”

“तसा म्हणजे कसा? आत्ता तर सलाम केला म्हणालात!”

गर्दी बाजूला झाली. चैत्राली टेबलापाशी आली, मुरादच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि साहेबांच्या अक्षरावर एक आडवी रेघ मारली.

“मुरादचाचा धादांत खोटं बोलतायत, सर. वानर नव्हतं, मी होते. इथे माझं नाव लिहा, पोलिसांनाही बोलवा, शिशाचं काय ते मी त्यांनाच सांगते. आणि सोमवारी पुन्हा हीच पाती ओतलीत, तर तीही ठेचीन!”