रेघेखालचा ठिपका

"ह्यो ठिपका कुणाचा, मास्तर?" बाळासोंनी कागदावर बोट ठेवलं.

गणपतराव मास्तर वाकले. खरं तर पाहायची गरज नव्हती. चौकटींच्या त्या कागदावर पेठेतल्या भाड्याच्या सगळ्या खोल्या त्यांनीच मांडल्या होत्या. आडव्या अंगाला खोलीचा आकार खणांत, उभ्या अंगाला महिन्याचं भाडं, आणि एका खोलीला एक ठिपका.

"मौलाचा," ते म्हणाले.

बाळासोंच्या सोप्याखाली अंगणात मौला पिंजारी कापूस पिंजत होता. बाळासोंच्या लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं, त्या गाद्यांचा कापूस. स्वतःचं नाव कानावर पडलं तशी त्याच्या कमानीची तार थांबली. शेजारी त्याची बायको मदिना खोळ भरत होती. तिचा हात मात्र चालूच राहिला.

महाराजांच्या राज्यात गिरणी झाली, बोर्डिंगं झाली, खेड्यापाड्यांतून माणसं कोल्हापुरात आली आणि खोल्यांना भाव चढला. भाड्यावरून पेठेत रोज कुणाची ना कुणाची गचांडी धरली जाऊ लागली. निम्म्या खोल्या बाळासोंच्या. तेच मास्तरांकडे आले होते, "तुमी गणित शिकवता न्हवं? मग कायतरी हिशोब बसवा." मास्तरांनी सारी दिवाळीची सुट्टी दोरी घेऊन दारोदार खोल्या मोजल्या. मग त्या विखुरलेल्या ठिपक्यांमधून एक सरळ रेघ काढली. कुणाला नेमकी शिवेल न शिवेल, पण सगळ्यांच्या मिळून जास्तीत जास्त जवळून जाईल अशी. ती कागदावर उतरली तेव्हा त्यांना फार बरं वाटलं होतं. आता भांडणं मिटतील.

"ही रेघ म्हंजे रास्त भाडं. बरूबर?"

"रास्त नव्हे, बाळासो. लोक सध्या काय देतात त्याचा अंदाज. चार खणांना साधारण तीन रुपये पडतात, एवढंच ती सांगते."

"त्येच की! आन् ह्यो गडी चार खणात बारा आण्यावर बसलाय." बाळासोंनी आवाज चढवला. "मौला, हिकडं ये."

मौला सोप्याशी येऊन उभा राहिला. भुवयांवर, दाढीवर कापसाची लव बसली होती.

"ही रेघ मास्तरांनी काढलीया, मी न्हाय. सगळी पेठ हितं हाय. आन् तू कुठं हाईस बघ. खाली, एकलाच. फुडल्या म्हयन्यापासनं रेघंवर यायचं. न्हायतर खोली मोकळी कर."

मौलानं कागद पाहिला. मग मास्तरांकडे पाहिलं.

"मास्तर, तुमी खोली बघितलीया की."

बघितली होती. बाळासोंच्या म्हशींचा जुना गोठा तो. खिडकी नाही, भर दुपारी चिमणी लावावी लागे. मापाच्या दोरीचं एक टोक मास्तरांनी धरलं होतं, दुसरं मदिनानं. मागल्या भिंतीला हात टेकला तो ओला होऊन आला, तेव्हा त्यांनी तो धोतराला पुसला होता. पण कागदाला दोनच अंगं होती, खण आणि भाडं. ओल कुठल्या अंगाला मांडायची? म्हणून मांडली नव्हती.

"बाळासो, त्या खोलीत उजेड नाही. भिंती ओल्या आहेत. म्हणून तो ठिपका खाली आहे. तो चुकलेला नाही."

"वल हाय असं ह्या कागदावर कुठं लिवलंय?"

मास्तरांचं बोट रेघेच्या वर गेलं. "आणि हे? दोन खणांना तीन-तीन रुपये देणारे? ह्या खोल्याही तुमच्याच. ह्यांना रेघेवर उतरवणार?"

"त्यांची कुठं तक्रार हाय?" बाळासो मोठ्यानं हसले आणि उठले. "लई उपकार झालं, मास्तर. रोजची कटकट मिटवलासा." मग अंगणाकडे बघून म्हणाले, "गाद्या सांजच्यापातूर व्हायला पायजेत," आणि जेवायला आत गेले.

कागद फाडून टाकावा असं मास्तरांच्या मनात आलं. पण बाळासोंच्या कारकुनानं सकाळीच त्याची नक्कल उतरवून घेतली होती.

मौला परत जाऊन कमानीपुढं बसला. तार वाजली नाही. मदिना मात्र उठली, पदराला हात पुसत सोप्याच्या कडेला आली. तिला अक्षर येत नव्हतं. कागदाकडे तिनं वाट विचारणाऱ्या माणसासारखं बघितलं. आवाजात राग नव्हता.

"मास्तर, ह्या रेघंत पेठंतल्या सगळ्या खोल्या हायत न्हवं?"

"आहेत."

"मग बारा आण्यात आमाला कुठली मिळंल, तेवढी बघा की. धाकली असली तरी चालंल. आमी दोघं आन् सासू. म्हातारीला चालवत न्हाय, आदी ठिकाण कळलं तर गाडी सांगाय बरं."

मास्तरांनी रेघेवर बोट ठेवलं आणि हळूहळू खाली आणलं. तीन खण. दोन खण. एका खणापाशीसुद्धा भाडं दीड रुपया होतं. बोट आणखी घसरलं. खण संपले, कागदाची डावी कड आली, आणि तिथंही रेघ अजून रुपयावरच होती, बारा आण्यांच्या चार आणे वर.

बोट कागद सोडून सोप्याच्या सारवलेल्या भुईवर टेकलं. मदिना त्या बोटाकडेच बघत होती.

"आनखी जरा फुडं बघा की, मास्तर," ती म्हणाली.